शेवटच्या रांगेतले बूट

फ्रान्सच्या राजाचं मुंडकं उडवायच्या बेतात असताना कर्णिक सरांची नजर शेवटच्या रांगेकडे गेली, आणि राजा वाचला.

"राजाचं पुढे व्हायचं ते झालं," सर म्हणाले आणि घोटभर पाणी प्यायले.

शेवटच्या रांगेत तो बसला होता. चौकड्यांचा शर्ट, बारीक कापलेले केस आणि पायात चकचकीत तपकिरी पोलिसी बूट. साध्या वेशातला पोलीस शर्ट बदलतो, पँट बदलतो. बूट कुणी बदलत नाही.

खांदा कॉलनीच्या ज्येष्ठ नागरिक संघात सरांची व्याख्यानं चालली होती. विषय, 'क्रांतीला घाबरलेलं इंग्लंड'. गोष्ट सव्वादोनशे वर्षांपूर्वीची, मुलूख सातासमुद्रापलीकडचा, श्रोते मधुमेही. धोका असलाच तर चहातल्या साखरेचा. पण पहिल्या व्याख्यानानंतर हाच माणूस जवळ आला होता आणि अदबीनं विचारता झाला होता, "सर, पूर्ण नाव? राहणार कुठे?"

तेव्हापासून सरांची झोप उडाली होती. संघाचे चिटणीस बळीराम भोईर यांनी धीर दिला. "गोपनीय शाखेचा हाय तो. चार मानसं जमली का येतोच. आमच्या हलदीकुंकवाला पन येऊन बसलेला."

सरांच्या पत्नी सुनीताबाईंनी धीरबीर दिला नाही. "आपल्या केतनच्या पासपोर्टचं पोलीस व्हेरिफिकेशन व्हायचंय," त्या म्हणाल्या. "रॉटरडॅमची नोकरी थांबलीय त्याच्यावर. तोवर तुमच्या त्या इंग्रजांना जरा गप्प बसवा."

आणि आज नेमका सतराशे चौऱ्याण्णवचा खटला होता. लंडनच्या एका जोडे शिवणाऱ्यानं मंडळ काढलं होतं. वर्गणी आठवड्याला एक पेनी, मागणी प्रत्येक पुरुषाला मताची. पलीकडे फ्रेंचांनी राजा मारलेला, त्यामुळे इकडे सरकारची पाचावर धारण बसली. जोडेवाल्याला पकडलं. आरोप असा की त्यानं इंग्लंडच्या राजाच्या मृत्यूची नुसती कल्पना केली, आणि कायद्यानं तोही राजद्रोहच. साक्षीला कोण, तर मंडळात सभासद म्हणून पेरलेले हेर. बचावाच्या वकिलानं उलटतपासणीत त्या हेरांची सालटी काढली. ज्यूरीनं माणूस निर्दोष सोडला. लोकांनी त्याच्या गाडीचे घोडे सोडले आणि गाडी आपल्या हातांनी ओढत नेली.

सरांच्या टाचणात हे सगळं होतं. तोंडून बाहेर पडलं ते वेगळंच.

"सरकारलाही सरकारची बाजू असते," सर म्हणाले. घाम मानेवरून पाठीत उतरत होता. "आणि हेरांना आपण उगाच नावं ठेवतो. संसारी माणसं ती. लंडनच्या थंडीत, कोंदट खोल्यांत बसायचं आणि वरून सांगतील ते निमूट लिहायचं. त्यांनी त्यांचं कर्तव्य केलं. उलटतपासणीचा भाग वेळेअभावी सोडून देऊ."

वेळ भरपूर होता. पहिल्या रांगेतून भोईर म्हणाले, "मंग त्या जोडेवाल्याचं झालं काय?"

"कायद्यानं आपलं काम केलं," सर म्हणाले आणि खाली बसले. टाळ्या पडल्या. चहाही आला होता.

सर मागच्या दारानं सटकणार तोच तपकिरी बूट समोर येऊन उभे राहिले. हातात कपबशी.

"सर, केतन कर्णिक तुमचेच ना?"

"हो, पण त्याचा इतिहासाशी काही संबंध नाही," सर घाईनं म्हणाले. "तो मेकॅनिकल."

"त्याचं व्हेरिफिकेशन माझ्याच टेबलावर होतं. गेल्या आठवड्यात पाठवून दिलं. क्लिअर आहे."

सरांच्या पायांत जीव आला. इतका आला की त्यांनी विचारूनही टाकलं, "मग आज काय लिहिणार माझ्याबद्दल?"

"काही नाही. आज रजा टाकलीय, सर. ऐकायला आलो होतो."

त्याच्या हातातली कपबशी खुळखुळत होती. सरांना ते आत्ता ऐकू आलं. त्यानं दाराकडे एकदा पाहिलं आणि आवाज उतरवला.

"उद्या कोर्टात माझी साक्ष आहे. विचुंबे गावच्या जमिनीच्या सभेत एक रिक्षावाला बोलला होता, हृतिक नावाचा. तो जे बोललाच नाही, तेही रिपोर्टात घातलं मी. वरून तसं सांगितलं होतं. तो आत आहे. बायको त्याची रोज पोलीस ठाण्याच्या पायरीवर येऊन बसते. खरं सांगितलं तर माझी नोकरी जाते. आणि खोटं सांगायचं मनात आणलं, तर हे असं होतं." त्यानं कपबशीकडे पाहिलं. "घास उतरत नाही, सर. मागच्या खेपेला तुम्ही म्हणालात, पुढच्या वेळी हेरांच्या साक्षीचं सांगतो. म्हटलं, शिकलेला माणूस काय म्हणतो ते ऐकू, आणि मग काय ते ठरवू."

सरांनी तोंड उघडलं. पलीकडे भोईर मोठ्यानं कुणाला तरी बिस्किटांचा आग्रह करत होते. खोलीत पंधरा-वीस माणसं होती, त्यातलं कोण कोणाचं हे सरांना माहीत नव्हतं. त्यांनी टाचणाची घडी घालून ती खिशात सरकवली.

"राहू द्या सर, दमलाय तुम्ही. झालं माझं काम." त्यानं उरलेला चहा एका घोटात संपवला आणि कपबशी टेबलावर ठेवली. आता ती वाजली नाही. "त्यांनी कर्तव्य केलं, तुम्हीच सांगितलंत. उद्या लिहिलंय तसंच बोलतो."

त्यानं वाकून सरांच्या पायांना हात लावला.

"फार घाबरलो होतो. तुमच्यामुळे भीती गेली."