बसल्या जागी तुळजापूर

कल्पना करा बरं, तुमची आई चुलीपुढे भाकऱ्या थापतेय आणि तिच्या मनगटावरचं घड्याळ म्हणतंय, "शाब्बास! आज खूप चाललात!"

बार्शीच्या मैथिलीकडे हे रोज घडायचं. आईचं भाकरी केंद्र होतं. परातीत तिचे हात असे झपाझप चालायचे, की जुनं स्मार्टवॉच फसायचं आणि तिची पावलं मोजत बसायचं. आई हसायची, "बसल्या जागी तुळजापूर गाठलं बघ!"

मोबाइलचं दुकान चालवणारा मामा एका सकाळी नवं घड्याळ घेऊन आला. "ताई, दिवसभर वापरून बघ. आवडलं तर हे ठेव, संध्याकाळी जुनं मी नेतो."

"मैथिली म्हणेल तसं," आई म्हणाली. मैथिलीला तर रंगीत काचेचं नवंच हवं होतं.

दुपारी लग्नघरची मोठी ऑर्डर होती. आईला घाम पुसायलाही उसंत नव्हती. तेवढ्यात नवं घड्याळ थरथरलं आणि म्हणालं, "बराच वेळ बसून आहात. जरा हालचाल करा!"

"ऐकलंस? मी म्हणे बसलेय!" आई खो खो हसली.

मैथिलीला हसू आलं नाही. ती आईच्या हातांकडे बघत राहिली. गोळ्यामागून गोळा पातळ होत होता, एकही भाकरी फाटत नव्हती.

"हे हुशार असेल गं, पण याला तू दिसतच नाहीस."

तिने नवं घड्याळ काढून, पीठ पुसून खोक्यात ठेवलं. आईच्या मनगटावर जुनं बांधलं आणि परातीशेजारी मांडी घालून विचारलं, "बोल आई, आज कुठवर जायचं?"