चौदा खणांची डबी

शनिवारच्या सकाळच्या खणात पुन्हा एक गोळी जास्त होती.

चारुताने डबी खिडकीशी नेली. बी.पी.ची एक, शुगरची एक, रक्त पातळ ठेवायची एक आणि कॅल्शियमच्या दोन. कॅल्शियमची एकच हवी होती. डबी तिनेच भरली होती, नेहमीसारखी रविवारी संध्याकाळी. शंभर येनच्या दुकानातली डबी. सात खण सकाळचे, सात रात्रीचे. वारांची जपानी अक्षरं सासऱ्यांना कळत नाहीत म्हणून तिने वर मार्करने सो, मं, बु असं लिहिलं होतं.

जास्तीची गोळी काढून तिने वहीत नोंद केली. चार आठवड्यांतली एकोणिसावी चूक.

सासरे बाळासाहेब येऊन टेबलाशी बसले. तीन महिन्यांच्या व्हिसावर ते मुलाकडे जपानला, इचिकावात आले होते. कऱ्हाडला एका डॉक्टरांकडे त्यांनी चाळीस वर्षं कंपाउंडरकी केली होती. हातावर ठेवलेल्या गोळ्या ते अजूनही एकेक निरखत आणि मगच तोंडात टाकत.

"डोळे सुजलेत तुझे," ते म्हणाले.

"अभ्यास होता, बाबा."

परीक्षा उद्यावर आली होती. चारुताची पुण्याची डी. फार्म. इथे चालत नव्हती. स्टेशनजवळच्या औषधांच्या दुकानात ती दोन वर्षं बाइतो, म्हणजे अर्धवेळ काम करत होती, पण करत होती म्हणजे टिश्यूचे गठ्ठे आणि डायपर लावत होती. कुणी साधं खोकल्याचं औषध विचारलं तरी मॅनेजर ओनो-सानना हाक मारायची. औषधविक्रीची सरकारी परीक्षा पास झाली, नाव नोंदलं गेलं की तिलाही काउंटरमागे उभं राहता येणार होतं. परीक्षा वर्षातून एकदाच. याच दिवसासाठी तिने जपानी शिकून घेतलं होतं.

आणि आता तिला स्वतःच्याच हातांची भीती वाटत होती.

सुरुवातीला तिला सासऱ्यांचाच संशय आला. अठ्ठ्याहत्तर वय, विसरत असतील.

"बाबा, डबी तुम्ही उघडता का हो?"

"डबी तुझी, जबाबदारी तुझी," एवढंच म्हणून त्यांनी चहाचा कप उचलला होता.

नवऱ्याने, अंबरीषने तर लॅपटॉपमधून मानही वर केली नव्हती. "स्ट्रेस आहे गं. एक्झाम झाली की सगळं नॉर्मल होईल."

चुका तशा साध्या. कधी कॅल्शियम जास्त, कधी कमी, कधी सकाळचं कॅल्शियम रात्रीच्या खणात. पण दुसऱ्या आठवड्यातला मंगळवार वेगळा होता. त्या सकाळी शुगरच्या दोन गोळ्या होत्या. बाबा कऱ्हाडला फोनवर बोलत होते, तळहात नुसताच पुढे केलेला. तिने ऐनवेळी बघितलं. दोन्ही गेल्या असत्या आणि शुगर एकदम उतरली असती तर? म्हातारं माणूस, आंघोळीला जाऊन आतून कडी लावणारं. त्याआधीचा रविवार तिने खूप आठवून बघितला. कानात इयरफोन होते, धड्याची उजळणी चालू होती. डबी भरल्याचं काही आठवत नव्हतं.

तेव्हापासून ती डबी तीन-तीनदा तपासायची. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, तसं. तरीही दोन दिवस गेले की घोळ व्हायचाच. दुकानातल्या खोकणाऱ्या आजीबाई दिसल्या की तिला वाटायचं, उद्या मी यांच्या हातात काय देईन?

आज तिने ठरवलंच. परीक्षेचं प्रवेशपत्र जाळण्यासाठी वेगळ्या ठेवलेल्या कचऱ्याच्या पिशवीत टाकलं आणि ती बाळासाहेबांसमोर येऊन बसली.

"बाबा, मी उद्या जाणार नाही."

"का?"

"माझ्या हातून माणूस मरेल एखादं." तिला रडू फुटलं. "घरातली एक डबी मला धड भरता येत नाही. एकोणीस चुका केल्या मी."

बाळासाहेब उठले. खोलीत गेले आणि खिशातली छोटी डायरी घेऊन आले.

"आमच्याकडे नवीन माणूस आला की डॉक्टर मला सांगायचे, महिनाभर याच्या पुड्यांत मुद्दाम घोळ घाला. चुका सगळ्यांच्याच होतात. देण्याआधी बघतो का, तेवढं तपासा."

चारुताने डोळे पुसले. "म्हणजे तुम्ही?"

"तू दुकानात गेलीस की दुपारी डबी माझ्या हातात. आधी सांगितलं असतं तर तू सावध झाली असतीस." ते ओशाळून हसले. "रागाव माझ्यावर. पण एकही चूक तुझ्या नजरेतून सुटली नाही. उद्या जायचंस."

तिला संताप आला. मग एकदम हसू आलं, मग पुन्हा रडू. महिनाभर छातीवर ठेवलेला धोंडा कुणीतरी उचलला होता. चूक तिची नव्हतीच! तिने पिशवीतून प्रवेशपत्र काढलं, त्याला चिकटलेली चहापत्ती ओढणीने पुसली आणि ते फ्रिजवर चुंबकाखाली लावलं.

"पण बाबा, फार झालं हं तुमचं. कॅल्शियमचं ठीक आहे. त्या मंगळवारी शुगरच्या दोन ठेवल्यात! आणि वर फोनवर बोलत हात पुढे केलात. मी बघितलं नसतं तर?"

बाळासाहेबांचं हसू थांबलं. त्यांनी चष्मा लावला, डायरीची पानं उलटली. बोट ठेवून एकेक ओळ मोजली. मग पुन्हा पहिल्या पानावर येऊन मोजली.

"अठरा," ते म्हणाले. "अठराही वेळा कॅल्शियमच. शुगरच्या गोळीला मी हातसुद्धा लावला नाही, चारुता."