लोखंडी घोड्या

सकाळी सात वाजता मिस्त्रीने क्लच बदलायला ट्रॅक्टर मधोमध सोडवून दोन भाग केले. इंजिनाचा भाग एका लोखंडी घोडीवर उभा राहिला आणि गिअरबॉक्सचा भाग चाकं लावलेल्या दुसऱ्या घोडीवर अलगद मागे सरकला. काहीही डगमगलं नाही. दोन्ही घोड्या त्याने जुन्या ट्रॉलीच्या लोखंडातून स्वतः वेल्डिंग करून बनवल्या होत्या. त्यात तीन आठवडे गेले.

याआधी हे काम लाकडी ठोकळ्यांवर व्हायचं. परत जोडताना बायको मागचा भाग ढकलायची आणि तो फटीला डोळा लावून "अजून थोडं, अजून थोडं" म्हणायचा. गेल्या खेपेला ठोकळा निसटला आणि मागचं चाक तिच्या पावलापासून वीतभर अंतरावर थांबलं. तेव्हा त्याने आधी विचारलं, "शाफ्ट वाकला का?" दुसऱ्या दिवशी ती भावाकडे निघून गेली.

क्लच प्लेट बदलून झाल्यावर, भाग परत जोडायच्या आधी, त्याने तिला फोन लावला.

"घोड्या केल्यात. पक्क्या. आता काही निसटायचं नाही."

"बरं झालं. शाफ्टला जपा."

"अगं, हत्ती उभा केला तरी हलायच्या नाहीत."

"मग आता तुमचं एकट्याचं भागेल," ती म्हणाली. "ढकलायला माणूस नको."

तिने फोन ठेवला. चाकांच्या घोडीचा ढकलायचा दांडा त्याने तिच्या उंचीला बेतून लावला होता, ते सांगायचं राहूनच गेलं.

संध्याकाळचे सहा वाजले तरी ट्रॅक्टर दोन भागांतच उभा होता.