पूर्ण भूल

"ताई, अजून भूल दिलेली नाही मी," डॉक्टर अनुया म्हणाल्या, तेव्हा कुठे हर्षदाने डोळे उघडले.

ती खुर्चीतच पेंगली होती. समोर टेबलावर नाकाचं प्लास्टिकचं मॉडेल, शेजारी नवरा साईनाथ, खाली उल्हासनगर कॅम्प चारच्या गल्लीत शिलाई मशीनची घरघर, आणि एवढ्या सगळ्यात हिला डुलकी लागली म्हणजे कमालच. शरमून तिने ओढणी सारखी केली. "सॉरी मॅडम. ऐकतेय मी. बोला."

भूल देण्याचं काम डॉक्टर अनुयांचं. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. हर्षदाच्या नाकावरचा उंचवटा काढायला दोन मार्ग होते. एक, नुसतं नाक बधिर करायचं आणि थोडं गुंगीचं औषध द्यायचं. पेशंट अर्धवट जागा असतो, खरवडल्याचा आवाज येतो पण दुखत नाही, आणि संध्याकाळी घरी जाता येतं. दुसरा, पूर्ण भूल. घशात नळी, कसलीही शुद्ध नाही, आणि रात्री मुक्काम इथेच. "तुमचं काम लहान आहे, तब्येतही चांगली आहे. दोन्ही चालेल. सर्जन सरांनी तुमच्यावर सोडलंय."

"नाक करायचं ठरवलं हीच पहिली भूल," साईनाथ म्हणाला. "आता दुसरी कुठली पाहिजे ते विचारतायत." स्वतःच्याच विनोदावर तो हसला आणि हसता हसता त्याला जांभई आली. अंबरनाथ एमआयडीसीतली रात्रपाळी करून तो तसाच आला होता. माणूस वाईट नव्हता. बायकोच्या नाकावरून नातेवाइकांनी नाकं मुरडली, तेव्हा "स्वतःच्या पगारातून करतेय, करू दे" एवढं तरी तो बोलला होता.

"मॅडम, ती हाफवालीच करून टाका," तो म्हणाला. "संध्याकाळी घरी आली की टेन्शन नाही. आमच्या आईला रात्री हिच्याशिवाय चालत नाही."

"आजारी असतात का त्या?"

"आजारी असं नाही. विसरते सगळं. फक्त हिचं नाव तेवढं लक्षात आहे."

हे खरं होतं. सुंदराबाई मुलाचं नाव विसरल्या, गाव विसरल्या, जेवलो की नाही तेही विसरायच्या. सुनेचं नाव मात्र पाठ. बदलापूरच्या त्यांच्या दोन खोल्यांत ते रात्रभर घुमायचं. पाणी हवं म्हणून हाक, पाणी पिऊन झाल्यावर हाक, आणि हर्षदा उशाशी बसलेली असली तरी हाक. ओ दिली की त्या गप्प व्हायच्या, नाही दिली की रडायच्या. हर्षदाच्या नाकी नऊ आले होते, आणि तरी तिला सासूचा राग येत नव्हता. रागावता आलं असतं तर जरा हलकं तरी वाटलं असतं.

साईनाथचा फोन वाजला. शेजारच्या रंजनाताई होत्या. सकाळपासून त्याच सुंदराबाईंजवळ बसल्या होत्या. "अरे, ऐकतच नाहीत रे या. थांब, स्पीकरवर टाक," असं त्या म्हणाल्या, आणि केबिनमध्ये आवाज आला, "हर्षदाऽ... ए हर्षदाऽ..."

"ओ! आले, आई," हर्षदा म्हणाली. म्हणाली आणि पर्स खांद्याला लावून उभीच राहिली. पलीकडचा आवाज थांबला. साईनाथने फोन खिशात टाकला. आपण उल्हासनगरात आहोत हे ध्यानात आल्यावर ती सावकाश खाली बसली.

डॉक्टर अनुयांनी नाकाचं मॉडेल बाजूला सारलं. मग त्यांनी विचारलं, "काय करू या, ताई?"

"पूर्ण भुलीत कुणी हाक मारली तर ऐकू येतं?"

"काहीच ऐकू येत नाही."

"मग तीच द्या." कॉलेजपासून आरशात खुपणारा तो उंचवटा या क्षणी तिला आठवतही नव्हता.

"अगं, वेडी काय तू?" साईनाथ खुर्चीत सरसावला. "एवढंसं तर काम आहे. रात्री आईकडे कोण बघणार?"

"तुम्ही."

"मला ओळखत नाही ती."

"अंधारात काय ओळखायचंय? ओ द्यायची फक्त." हर्षदाचा आवाज चढला नव्हता. चढवायलाही अंगात ताकद लागते. "एक रात्र सुट्टी टाका. माझ्या नाकासाठी नका टाकू हवं तर, आपल्या आईसाठी टाका."

तो बोटांनी डोळे चोळत बसला. मग म्हणाला, "टाकतो."

डॉक्टर अनुयांनी पुढचं समजावलं. आदल्या रात्रीनंतर पोटात काही नको, पाणीसुद्धा सांगितलेल्या वेळेपासून बंद, दागिने घरी ठेवायचे. "आणि ऑपरेशन झालं की मी कानाशी येऊन तुम्हाला नावाने हाक मारेन. तुम्ही डोळे उघडलेत की मला कळतं, भूल उतरली. घरी काय म्हणतात तुम्हाला? सवयीच्या नावाला माणूस लवकर उठतो."

"हर्षदाच," ती म्हणाली. मग घुटमळली. साईनाथकडे न बघता ती टेबलावर पुढे वाकली आणि हळूच म्हणाली,

"पण मॅडम, पहिल्या हाकेला उठले नाही तर घाबरू नका हं. ऐकू आलं तरी जरा वेळ ओ देणार नाही मी."