भिंतीवरचा गडद गोल

"रंग परत आणता येईल का?" बाहुलीघर टेबलावर ठेवत बाईंनी विचारलं.

"नाही. उडाला तो उडाला," बाइंडरबाई म्हणाली. "उरलाय तेवढा टिकवता येईल."

जुनी पुस्तकं आणि कागद यांची डागडुजी करण्यात तिची तीस वर्षं गेली होती. दुकानावरच्या पाटीवर 'जुना कागद जपून देऊ' असं लिहिलेलं होतं, आणि ती पाटी उन्हानं इतकी फिकी पडली होती की वाचायला जवळ जावं लागे. दिव्याखाली अंधार, असं ती स्वतःच हसत सांगायची.

आज मात्र ती हसली नाही. लाल उतरतं छप्पर, मधोमध जिना, भिंतींना निळ्या वेलींचा कागद. हे घर तिनं पाहताक्षणी ओळखलं होतं. बाईंनी तिला ओळखलं नव्हतं. चाळीस वर्षांनी कोण ओळखणार?

"नातीला द्यायचंय," बाई सांगत होत्या. "आतलं सामान काढून घरीच ठेवलंय, वाटेत पडायला नको. हा कागद आमच्या आईनं स्वतःच्या हातानं लावलेला. तो पार पांढरा पडू नये, एवढंच."

बाइंडरबाईनं भिंगातून आत पाहिलं. कपाटामागच्या जागी गडद निळा चौकोन उठून दिसत होता. निजायच्या खोलीत, पलंगाच्या उशाशी, कोटाच्या बटणाएवढा गडद गोल. तिचे कान तापले.

"झाकलेल्या जागी रंग कसा राहिलाय बघा," बाई म्हणाल्या. त्या सहजच बोलल्या होत्या, पण चोराच्या मनात चांदणं.

"राहतोच. उजेड लागत नाही ना तिथं."

"आणि झाकलेलं काढलं तर?"

"मग तीही जागा उडते. दोन-चार वर्षांत बाकीच्या भिंतीसारखीच होते." हे सगळं तिला तोंडपाठ होतं. तोंड बोलत राहिलं आणि डोळे त्या गोलावरून हलले नाहीत.

तिथला आरसा तिनं चोरला होता.

तेव्हा ती आठ वर्षांची होती. आई या बाईंच्या माहेरी झाडलोट करायची, आणि शाळेला सुट्टी असली की हिलाही बरोबर न्यायची. बाहुलीघराला हात लावायचा नाही, एवढीच अट. एका दुपारी हिनं आरसा उचकटला आणि मोज्यात घातला. तिसऱ्या दिवशी आईचं काम सुटलं. "आता तिथं जायचं नाही," आई एवढंच म्हणाली. आपली चोरी आईच्या माथी बसली, हे त्या वयातही हिला कळलं, आणि तरी ही गप्प राहिली.

आईकडे हिरव्या पत्र्याची पावडरची चिमुकली डबी होती. तिच्या झाकणात आरसा होता. त्यानंतर ती डबी कधी दिसली नाही. आई खिडकीच्या काचेत बघून भांग पाडू लागली. चोर ठरलेल्या बाईला आरशात तोंड बघवत नसणार, असं हिला वाटलं. आई शेवटपर्यंत त्या काचेपुढेच उभी राहायची आणि हिनं कधी काही विचारलं नाही. विचारायला तोंड होतं कुठे?

आठवडाभर ती बाहुलीघरापाशी बसली. मऊ ब्रशनं धूळ काढली. सुटलेल्या कडा पातळ खळीनं बसवल्या. चिमुकल्या खिडक्यांना आतून ऊन अडवणारी पारदर्शक फिल्म लावली. वरून घालायला जाड सुती खोळ शिवली. इतकं काम तिनं कुठल्याच गिऱ्हाइकासाठी केलं नव्हतं. बाईंना फोन करून खरं सांगून टाकावं, असं चारदा ठरवलं, आणि चारही वेळा फोन खाली ठेवला. स्वतःची तिला किळस आली.

शेवटी तिनं इतकी वर्षं स्वतःच्या कपाटात लपवलेला तो चोरलेला आरसा काढला आणि गुपचूप त्या गोलावर चिकटवला. भोवती जवभर गडद रंग उरलाच. इतक्या वर्षांत कागद ताणला गेला असेल, अशी तिनं मनाची समजूत घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई सामानाची पिशवी घेऊन आल्या आणि तिथंच एकेक वस्तू मांडू लागल्या.

"खिडकीजवळ ठेवू नका," बाइंडरबाई सांगत होती. "खेळून झालं की खोळ घालायची."

बाई पलंग ठेवता ठेवता थांबल्या. "हा आरसा कुठला?"

आता मात्र पळवाट उरली नाही.

"तुमचाच आहे, ताई," ती मान खाली घालून म्हणाली. "लहानपणी मी चोरला होता. माझी आई तुमच्याकडे झाडलोट करायची. तिचा काही दोष नव्हता. माझ्यामुळे तुम्ही तिला काढलंत."

"मावशींची मुलगी तुम्ही?" बाई बघतच राहिल्या. "पण त्यांना कुणी काढलं? आम्ही आरसा शोधत होतो, तेव्हा त्याच म्हणाल्या, माझ्या हातून फुटला, तुकडे टाकून दिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुसरा आणून लावला आणि काम सोडलं. आमच्या आईनं किती विनवलं, पण थांबल्या नाहीत."

"दुसरा?"

"हा काय. तुमच्याकडे घर आणायच्या आदल्या दिवसापर्यंत तिथंच होता की."

बाईंनी पिशवीतून एक पुडी काढून तिच्या हातावर सोडली. तिनं पुडीतला आरसा उलटा केला. मागे हिरवा पत्रा होता, आणि काठाला डबीचं तुटलेलं बिजागर.