मंगळवारची टर्की

कामावरून आल्यावर अख्खी टर्की भाजत बसायला कोणाला वेळ आहे? मी टर्कीच्या खिम्यात सेजची पानं, कांदा आणि पावाचा चुरा कालवला, लांबट गोळा थापला, वरून क्रॅनबेरीचा सॉस फासला आणि ओव्हनमध्ये ढकलला. साध्या मंगळवारीच घरभर थँक्सगिव्हिंगच्या सणाचा वास सुटला.

नेमक्या सासूबाई जेवायला टपकल्या. सणाची टर्की म्हणजे त्यांचा मान. दरवर्षी पहाटे उठून त्या ती भाजतात आणि आम्ही ग्रेव्हीत बुडवून, वाखाणत गिळतो. पण आज त्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

"किती रसाळ झालंय गं! माझी तर भुशासारखी कोरडी होते. मला कधीच आवडली नाही."

"मग करता कशाला?"

"तुम्ही सगळे तुटून पडता म्हणून!"

माझा नवरा ड्वेन हसत सुटला. "मॉम, आम्ही तुझं मन राखायला खातो! डॅड तर टेबलाखालून कुत्र्याला घालायचे."

सासूबाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. इतक्या वर्षांनी सगळ्यांनाच हलकं वाटलं.

"मग ठरलं," मी म्हणाले. "येत्या थँक्सगिव्हिंगला हेच करू."

हसू थांबलं. मी चर्चमध्ये शिवी हासडल्यासारखे मायलेक माझ्याकडे बघायला लागले.

"काहीतरीच काय!" तिसऱ्यांदा ताटली पुढे करत सासूबाई म्हणाल्या. "सणाच्या दिवशी कुणी आवडीचं खातं का?"