गुळाचा खडा

“तुजी आय कुटं हाय?” सरुबाईनं चुलीत लाकूड सारत विचारलं.

“मेली.”

“आन् बा?”

“त्यो बी मेला. मानमोडीत.”

“मग मी कोन?”

“सैपाकाची मावशी,” हौसा म्हणाली आणि तिनं तळहात पुढं केला.

सरुबाईनं पदराची गाठ सोडून गुळाचा खडा तिच्या हातावर ठेवला. भाकऱ्या थापणाऱ्या बायकांना जेवणाबरोबर गूळ मिळे. सरुबाईनं इथं आल्यापासून तो एकदाही चाखला नव्हता.

बापाचं उत्तर तेवढं खरं होतं. त्या साली पावसानं दडी मारली, भात खाचरातच करपलं, आणि वर हा मानमोडीचा ताप आला. आंदर मावळातल्या त्यांच्या वाडीत घरंच्या घरं आडवी झाली. सरुबाईचा नवरा गेला. मागं ती आणि सहा वर्षांची हौसा राहिली. लोणावळ्यात परदेशी धर्मादाय मंडळींनी अनाथगृह काढलंय, तिथं पोरांना दोन वेळा भाकरी मिळते, असं कानावर आलं. सरुबाई लेकीला पाठुंगळी मारून डोंगर उतरली.

फाटकाशी नियम कळला. आईबाप दोन्ही गेलेलं पोरच आत घ्यायचं. मंडळी वाईट नव्हती. अर्धं मावळ उपाशी होतं आणि कोठीतलं धान्य मोजकं. कुठंतरी रेघ ओढणं भाग होतं, ती त्यांनी जित्याजागत्या आयांच्या पुढ्यात ओढली. सरुबाईनं फार विचार केला नाही. ‘आय मेली म्हन’ असं बजावून तिनं हौसाला फाटकाशी बसवलं आणि स्वतः मरून गेली. थोड्या दिवसांनी तीच बाई काम मागायला आली आणि चुलीपुढं बसली.

आता सगळी भिस्त पोरीच्या तोंडावर. चुकून जरी ‘आय’ निघालं तरी दोघी बाहेर, आणि बाहेर काय चाललंय ते सरुबाईला फाटकातून रोज दिसत होतं. म्हणून ही उजळणी. सुरुवातीला हौसा चुकायची, रडायची. मग सरुबाईनं परीक्षा अवघड केली. पोरीला मायेनं जवळ ओढायची आणि म्हणायची, “हौसे, मीच तुजी आय हाय ना गं?” पहिल्यांदा पोर गळ्यातच पडली. त्या दिवशी गूळ मिळाला नाही. पुढं ती फसेनाशी झाली. सरुबाई तिचं कौतुक करायची, आणि नंतर भांडी घासताना एकटीच डोळे पुसायची.

अनाथगृहाचा कारभार कस्तुराबाई बघत. पुण्याच्या, शिकलेल्या, साहेबाची भाषा घडाघडा बोलणाऱ्या. मध्यंतरी एक बाई एका पोराची आत्या म्हणून आली होती. कस्तुराबाईंनी पोराला समोर उभं करून विचारलं. त्यानं नकारार्थी मान हलवली. बाईला हाकलून दिलं, आणि मागाहून कळलं की ती असली पोरं नेऊन विकते. “मोठी माणसं काहीही सांगतात,” कस्तुराबाई म्हणाल्या. “आपण लेकराला विचारावं.” सरुबाईला ते अगदी पटलं होतं.

थंडीत परदेशातून मडम आल्या. अनाथगृहाला मोठी देणगी त्यांचीच. एकुलती एक मुलगी तापात गेलेली, त्यामुळं प्रत्येक पोरापाशी थांबत, डोक्यावरून हात फिरवत त्या पुढं सरकत होत्या. कस्तुराबाई त्यांचं बोलणं मराठीत सांगत होत्या. सरुबाई पिठाच्या हातानं दाराआड उभी होती. तिचा जीव टांगणीला लागला होता.

“तुझी आई कुठं आहे बाळ?”

“मेली.”

“तुझं इथं कुणीच नाही?”

“कुनीच न्हाई,” हौसा म्हणाली. दाराकडं तिनं पाहिलंसुद्धा नाही.

मडमचे डोळे भरून आले. सरुबाईनं सुटकेचा श्वास सोडला आणि ती भाकरीकडं वळली.

दुपारी कस्तुराबाई हसतमुखानं सैपाकघरात आल्या. “पोरीचं नशीब उघडलं गं! मडम हौसाला मुलगी म्हणून घेऊन चालल्यात. आत्ताच्या गाडीनं मुंबई, तिथून बोटीनं त्यांच्या देशी.”

“परत कवा यील?”

“परत कशाला येईल?”

सरुबाई तशीच उठली आणि अंगणात धावली. टांगा उभा होता, हौसाच्या अंगात नवा झगा होता. सरुबाईनं मागून आलेल्या कस्तुराबाईंचे पाय धरले. “बाई, पोर माजी हाय. मी तिची आय!”

“इतके दिवस मावशी, आणि आज पोर विलायतेला निघाली तशी आई झालीस?”

“पोटासाटी खोटं बोलले, बाई. आमाला हाकला, उपाशी ऱ्हाऊ, पर माजी लेक नेऊ देऊ नका!”

कस्तुराबाईंचा चेहरा पालटला. त्यांनी मडमना सगळं सांगितलं. मडम पांढऱ्याफटक पडल्या आणि हळू आवाजात काही बोलल्या.

“त्या म्हणतात, आईपासून लेकरू तोडायचं पाप मला नको,” कस्तुराबाई म्हणाल्या. “हौसाला फक्त हो म्हणू दे. पोर तुझ्या पदरात.”

सरुबाईच्या जिवात जीव आला. ती लेकीपुढं गुडघ्यावर बसली, तिला मायेनं जवळ ओढलं.

“हौसे, सांग बाई समद्यांना. मीच तुजी आय हाय ना गं?”

हौसानं तिच्याकडं निरखून पाहिलं. मग गालात हसली.

“न्हाई,” ती खणखणीत आवाजात म्हणाली. “तू सैपाकाची मावशी. माजी आय मेली.”

आणि तिनं तळहात पुढं केला.